सुरी, बर्फ आणि एस्कोफिए

स्टेक टार्टार घरी करायचं तर गॅस पेटवावाच लागत नाही. कुकर नाही, तवा नाही, फोडणी तर नाहीच नाही. बीफचा चांगला तुकडा घ्यायचा, हाताने बारीक चिरायचा, त्यात कांदा, केपर्स, पार्सली, मीठ, मिरपूड कालवायची आणि वर अंड्याचा कच्चा बलक ठेवायचा. झालं. खायला तयार.

आता एखादं रील बघून तुम्ही हे करायला निघाला असाल, तर जरा थांबा. आपल्या स्वयंपाकात आग बरेच अपराध पोटात घालते. मटण थोडं जून निघालं तर दोन शिट्ट्या जास्त. भाजी नीट धुतली गेली नाही तरी उकळी सांभाळून घेते. इथे ती सोय नाही. मांस कुठून आणलं, कोणी कापलं, पाट धुतला होता का, हात धुतले होते का, हे सगळं जसंच्या तसं ताटात येतं. म्हणजे ही डिश मुळात विश्वासावर चालते.

हा विश्वास हॉटेलच्या स्वयंपाकघरात आणायला ज्याने उभं आयुष्य घातलं, आणि एका वळणावर जो स्वतःच त्यात घसरला, त्याची ही गोष्ट. नाव ऑग्युस्त एस्कोफिए. हॉटेल मॅनेजमेंटवाल्यांनी हे नाव परीक्षेसाठी घोकलेलं असतं. बाकीच्यांनी निदान पीच मेल्बा खाल्लं असेल. नेली मेल्बा या ऑस्ट्रेलियन गायिकेच्या नावाचं ते डेझर्ट त्याचंच. पाच हजारांहून जास्त पाककृतींचा एक जाडजूड ग्रंथ त्याने लिहिला, आणि त्यात कच्च्या बीफच्याही दोन पाककृती आहेत, अगदी दोन-चार ओळींच्या. तिथवर आपण येऊच. आधी पोरगा कुठला ते बघू.

फ्रान्सच्या दक्षिणेला, समुद्राजवळ, व्हिलनव्ह-लूबे नावाचं गाव आहे. तिथे २८ ऑक्टोबर १८४६ ला त्याचा जन्म झाला. वडील लोहार. मुलाचा हात चित्रात आणि मातीकामात चांगला, त्याला व्हायचं होतं शिल्पकार. पण तेराव्या वर्षी घरच्यांनी ठरवून टाकलं की पोटापाण्याचं काहीतरी शिकायला हवं. काकाचं नीसमध्ये रेस्टॉरंट होतं, तिकडे रवानगी झाली. गंमत बघा, नीस त्या वेळी फ्रान्समध्ये नव्हतंच, ते सार्डिनियाच्या राज्यात होतं आणि पुढच्या वर्षी, १८६० मध्ये, फ्रान्सला मिळालं. तेव्हा हा तेरा वर्षांचा मुलगा शिकायला गेला तो तसं पाहिलं तर परदेशात. ‘तुला काय व्हायचंय?’ हे त्याला कोणी फारसं विचारलं नसावं. घरोघरी मातीच्या चुली, तिथेही तेच.

काका कडक होता. चुकलं की कानाखाली. त्यात पोरगा बुटका. त्या काळच्या कोळशाच्या भट्ट्यांची दारं उघडली की झळ थेट तोंडावर यायची, म्हणून तो उंच टाचांचे बूट घालायला लागला. ती सवय जन्मभर राहिली. त्या वेळचं हॉटेलचं स्वयंपाकघर म्हणजे धूर, घाम, आरडाओरडा आणि तहान भागवायला दारू. स्वयंपाक्याला समाजात काडीची किंमत नव्हती. मुलाने हे सगळं गपचूप बघून ठेवलं.

१८६५ मध्ये तो पॅरिसला ‘ल पती मूलँ रूज’ या रेस्टॉरंटमध्ये लागला. (पवनचक्कीवालं, कॅनकॅन नाचाचं मूलँ रूज ते हे नव्हे. ते १८८९ मध्ये उघडलं.) तिथे जरा बस्तान बसतंय तोवर १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि त्याला सैन्यात बोलावणं आलं. बंदूक नाही, कढईच. ऱ्हाईनच्या सेनेच्या मुख्यालयात अधिकाऱ्यांचा स्वयंपाक त्याच्याकडे आला.

इथे त्याचं खरं शिक्षण झालं असं मला वाटतं. ऑगस्टमध्ये मेट्झ शहराला जर्मन फौजांनी वेढा घातला. आत मार्शल बाझेनचं जवळजवळ पावणेदोन लाखांचं सैन्य आणि शिवाय शहरातले लोक. बाहेरून दाणा यायचा बंद. एस्कोफिएला हे येणार याचा वास आधीच लागला होता. त्याने वेळेवर कोंबड्या, बदकं, टर्की, ससे, डुकरं, एक शेळी अशी जित्राबं गोळा करून लपवून ठेवली होती. शेळीच्या दुधावर सॉस व्हायचे. एकच कोंबडी तो किती वेळा आणि किती रूपांत टेबलावर आणायचा ते वाचलं की आपल्या आज्या आठवतात, रात्रीच्या उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करणाऱ्या.

पण हे झालं अधिकाऱ्यांचं. बाहेर साधे सैनिक उपाशी होते, हेही लक्षात ठेवायला हवं. हळूहळू घोडे कापायची वेळ आली. ज्यांच्यावर बसून लढायचं तेच ताटात. घोड्याचं मांस फ्रान्समध्ये विकायला कायद्याने परवानगी मिळाली होती ती १८६६ मध्ये, म्हणजे जेमतेम चार वर्षांपूर्वी. लोक त्याला नाकं मुरडायचे. एस्कोफिएने त्यावर उपाय शोधला: मांस आधी उकळत्या पाण्यातून काढायचं, गार करायचं आणि मग शिजवायचं, म्हणजे कडवटपणा कमी होतो. भुकेल्या माणसांना काय पोटात जाईल आणि काय परत येईल, मांस कधी खाण्याजोगं आहे आणि कधी टाकून द्यायचं, हे कुठल्याही कॉलेजात न मिळणारं ज्ञान त्याला तिथे मिळालं. २७ ऑक्टोबरला मेट्झ पडलं. दुसऱ्या दिवशी एस्कोफिएचा चोविसावा वाढदिवस होता. तो युद्धकैदी म्हणून जर्मनीत गेला.

सुटका झाल्यावरची वर्षं झरझर सांगतो. परत पॅरिस, मग कान या शहरात स्वतःचं छोटं रेस्टॉरंट, डेल्फिन दाफिस या प्रकाशकाच्या मुलीशी लग्न. डेल्फिन कविता करायची. तीन मुलं झाली. १८८४ मध्ये माँटे कार्लोच्या ग्रँड हॉटेलात त्याची गाठ पडली सेझार रिट्झ या स्विस मॅनेजरशी, आणि जोडी जमली. रिट्झला पाहुणे कळायचे, एस्कोफिएला त्यांची पोटं. १८९० मध्ये लंडनच्या नव्याकोऱ्या सॅव्हॉय हॉटेलने दोघांनाही उचललं. एस्कोफिएला इंग्रजी येत नव्हतं आणि त्याने ते शिकायचा फारसा प्रयत्नही केला नाही. डेल्फिन मुलांना घेऊन माँटे कार्लोला राहिली. पुढची जवळजवळ तीस वर्षं नवरा लंडनला, बायको फ्रान्सच्या किनाऱ्यावर, असा संसार चालला. यशाच्या गोष्टींत ही ओळ पटकन उरकली जाते. मीही उरकतोय, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

सॅव्हॉयमध्ये त्याने जे केलं ते जगभरच्या हॉटेलांच्या मुदपाकखान्यात आजही चालू आहे. सैन्यात पाहिलेली रचना त्याने स्वयंपाकघरात आणली. सॉसचा माणूस वेगळा, भाजण्याचा वेगळा, भाज्या-अंड्यांचा वेगळा, गोडाचा वेगळा. पूर्वी एक आचारी एक डिश सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायचा. ‘मेयरबेअर’ नावाची अंड्यांची डिश एकट्याने करायला पंधरा मिनिटं लागायची. आता एकाने अंडी केली, दुसऱ्याने मूत्रपिंड भाजलं, तिसऱ्याने सॉस केला, की काही मिनिटांत ताट बाहेर. पाहुण्याला गरम मिळतं आणि आचाऱ्याचा जीव वाचतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा विभाग म्हणजे ‘गार्द-मांजे’, थंड काम बघणारा. कच्चं मांस आलं की ते तपासणं, कापणं, साफ करणं आणि गार ठेवणं ही त्याची जबाबदारी. म्हणजे मांसाला जो हात लावणार तो ठरलेला, त्याची जागा ठरलेली आणि चुकलं तर उत्तर कोणी द्यायचं तेही ठरलेलं. त्याशिवाय एस्कोफिएने स्वयंपाकघरात दारू बंद केली. भट्टीपाशी उभ्या माणसांसाठी बार्लीचं पाणी ठेवलं. शिव्या बंद, सिगारेट बंद. ऑर्डर ओरडून सांगणाऱ्याला हळू बोलायला लावलं. स्वतःला राग आला की हा गडी कान चोळत स्वयंपाकघराच्या बाहेर जायचा आणि शांत होऊन परत यायचा. मारझोडीत शिकलेल्या माणसाने मारझोड पुढे चालवली नाही. रोज उरलेलं चांगलं अन्न वृद्धांना सांभाळणाऱ्या जोगिणींच्या संस्थेकडे जायचं. बायकांनी चारचौघांत हॉटेलात जेवायला बसणं लंडनमध्ये रुळलं त्यातही या जोडीचा मोठा वाटा होता.

आणि मग मार्च १८९८. सॅव्हॉयने रिट्झला आणि एस्कोफिएला तडकाफडकी काढून टाकलं.

बाहेर वेगवेगळ्या वावड्या उठल्या, पण आतली कागदपत्रं कित्येक दशकं कुलपात राहिली. १९०० मध्ये एस्कोफिएने एका कबुलीजबाबावर सही केली होती: हॉटेलला माल पुरवणाऱ्यांकडून तो ५ टक्के कमिशन घेत होता. पुरवठादारही काही धर्मादाय करत नव्हते. कमिशनची भरपाई म्हणून ते माल कमी पाठवायचे आणि बिल पूर्ण लावायचे. शेवटी त्याने ५०० पौंड भरून प्रकरण मिटवलं. कमिशन हा त्या काळी त्या धंद्यातला रिवाजच होता, असं काही जण त्याच्या बाजूने सांगतात. असेलही. पण ज्याने स्वयंपाकघरात प्रत्येकाची जबाबदारी ठरवून दिली, त्याच्या नाकाखाली कमी भरलेला माल आत येत होता आणि त्याला ते माहीत होतं. त्याची चरित्रं वाचताना हे पान उलटून पुढे जाणं मला जमत नाही. तुम्हीही त्याला देव्हाऱ्यात बसवणार असाल तर हे पान वाचूनच बसवा.

धंद्यावर त्याचा परिणाम मात्र शून्य. त्याच वर्षी पॅरिसला रिट्झ हॉटेल उघडलं, १८९९ मध्ये लंडनला कार्लटन. १९०२ मध्ये रिट्झची तब्येत ढासळली ती कायमचीच. एस्कोफिए कार्लटनमध्ये टिकून राहिला आणि १९०३ मध्ये त्याचा ‘ल गीद क्युलिनेर’ हा ग्रंथ आला, फिलेआस जिल्बेर आणि एमिल फेतू या सहकाऱ्यांच्या मदतीने. हे पुस्तक घरच्यांसाठी नव्हतं, व्यावसायिकांसाठी होतं. त्यामुळे कृती तुटक, जणू जाणत्याने जाणत्याला दिलेला निरोप.

या ग्रंथाच्या १९२१ च्या आवृत्तीत कच्च्या बीफचे दोन प्रकार सापडतात. पहिला ‘अमेरिकन पद्धतीचा’: बारीक चिरलेलं कच्चं बीफ, मीठ-मिरपूड, त्याचा गोल चपटा आकार, मध्ये खळगा करून त्यात कच्चा बलक, आणि बाजूला केपर्स, कांदा, पार्सली. दुसरा ‘टार्टार’: तेच सगळं, फक्त बलक नाही, आणि सोबत वेगळा टार्टार सॉस. आज आपण ज्याला स्टेक टार्टार म्हणतो तो म्हणजे त्याचा पहिला प्रकार आणि नाव मात्र दुसऱ्याचं! बेल्जियममध्ये अजूनही या जातीच्या डिशला अमेरिकन नावानेच हाक मारतात.

मग ते तातार घोडेस्वार? खोगिराखाली मांस ठेवून, दिवसभर दौड मारून ते मऊ करून खाणारे? ही गोष्ट तुम्हाला कोणीतरी सांगणारच, आणि सांगताना डोळे मोठे करणार. इतिहासकारांना ती पटत नाही. खोगिराखाली मांस ठेवत असतील तर ते घोड्याच्या पाठीवरच्या जखमांसाठी, असं त्यांचं म्हणणं. घोड्याच्या घामात मुरलेलं मांस तुम्ही तरी खाल का? नाव आलं ते सॉसवरून.

आता घरचं बोलू. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे इथे बाजारात मिळतं ते म्हशीचं मांस. तेही बहुतेक ठिकाणी उघड्यावर टांगलेलं, सकाळचं संध्याकाळपर्यंत. ते शिजवून खाण्यासाठी आहे. त्याचं टार्टार करू नका. इतकं सरळ सांगतो, कारण यात मधला मार्ग नाही. पण शिकायला, नोकरीला बाहेर असाल, पॅरिस किंवा ब्रसेल्सला असाल, आणि खाटकाला ‘टार्टारसाठी हवंय’ असं सांगून मांस घेता येत असेल, तर करून बघा. शाकाहारी मंडळींनी रुसू नये, हल्ली रेस्टॉरंटांत बीटाचं टार्टार मिळतं आणि सुरीचं कसब तिथेही तेवढंच लागतं.

सगळ्यात मोठी गोष्ट: खिमा विकत आणायचा नाही. अखंड तुकड्यावर जंतू असतात ते मुख्यतः वरच्या पृष्ठभागावर. यंत्रातून खिमा काढला की तो पृष्ठभाग आतबाहेर सगळीकडे मिसळतो, आणि त्या यंत्रात आधी काय गेलं होतं ते तुम्हाला माहीत नसतं. म्हणून अंडरकटचा अखंड तुकडा आणायचा, माणशी दीडशे-दोनशे ग्रॅम, तोही ज्या दिवशी खायचा त्याच दिवशी. चरबी, पांढरे पडदे, चामट शिरा सगळं सोलून काढायचं, बाहेरचा पातळ थरही काढून टाकायचा. मग वीस-पंचवीस मिनिटं फ्रीझरमध्ये. गोठवायचं नाही, नुसतं घट्ट होऊ द्यायचं. आता धारदार सुरीने आधी काप, मग पट्ट्या, मग तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठे तुकडे. बोथट सुरीने मांस चेचलं जातं आणि लगदा होतो. वाडगं बर्फात ठेवलेलं असावं.

कांदा अगदी बारीक. केपर्स म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या खारवलेल्या कळ्या, त्या चिरून. पार्सली. हल्ली दिजों मोहरी आणि वूस्टर सॉसचे दोन थेंबही घालतात. एस्कोफिएच्या कृतीत ते नाहीत, पण त्याचं भूत येऊन रागावणार नाही. मीठ मात्र शेवटी. काकडीच्या कोशिंबिरीचं जे शास्त्र तेच इथे: मीठ आधी पडलं की पाणी सुटतं आणि रंग काळवंडतो. आयत्या वेळी कालवा, वर बलक, आणि लगेच खा. उरलं तर फ्रीजमध्ये ठेवून उद्या खायचं नाही, तव्यावर टाकून नीट शिजवा. फ्रान्समध्ये पूर्ण कच्चं नको असणाऱ्यांसाठी दोन्ही बाजूंनी नुसतं परतून देण्याची पद्धत आहे, तिला ‘आले-रतूर’ म्हणतात, म्हणजे जाऊन-येऊन! ते चवीसाठी, जंतू मारायला तेवढं पुरत नाही.

गरोदर बाई, लहान मुलं, वयस्कर माणसं, प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणीही, यांना ही डिश द्यायची नाही. साल्मोनेला, ई-कोलाय, पट्टकृमी ही नावं तुम्ही बायोलॉजीत वाचलीच आहेत. फ्रीझरने काही कृमी मरतात, जीवाणू नुसते झोपतात.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गंमत उलटी होती. त्या काळी क्षयाच्या रोग्यांना कच्चं मांस औषध म्हणून द्यायचे काही डॉक्टर होते.

एस्कोफिएचं पुढचं आयुष्य तसं मानाचं, पण सुखाचं म्हणवत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्येच, त्याचा मुलगा डॅनियल आघाडीवर मारला गेला. तोवर एस्कोफिए अडुसष्ट वर्षांचा झाला होता. तो कार्लटनच्या स्वयंपाकघरात उभा राहिला आणि युद्ध संपेपर्यंत उभाच होता. १९२० मध्ये फ्रान्सने त्याला लीजन ऑफ ऑनर दिला. लोहाराच्या पोराला, आचाऱ्याला. त्याच सुमारास तो निवृत्त होऊन माँटे कार्लोला डेल्फिनकडे परतला. हातात पैसा फार उरला नव्हता. दारिद्र्य हटवण्यासाठी परस्पर मदतीची योजना मांडणारी एक पुस्तिका त्याने १९१० मध्येच लिहिली होती, तिच्याकडे फारसं कोणी बघितलं नाही.

१९३४ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीच्या उंबरठ्यावर, त्याने ‘मा क्युझिन’ हे पुस्तक काढलं. या वेळी हॉटेलांसाठी नाही, घरी स्वयंपाक करणाऱ्यांसाठी. ते आल्यावर काही महिन्यांत, फेब्रुवारी १९३५ मध्ये, डेल्फिन गेली. आठवडा उलटायच्या आत, १२ फेब्रुवारीला, तोही गेला. त्याला व्हिलनव्ह-लूबेला नेलं. तो जन्मला त्या घरात आता स्वयंपाककलेचं संग्रहालय आहे.

प्रॉस्पर माँतान्ये याच्या ‘लारूस गॅस्ट्रोनॉमिक’ या कोशासाठी एस्कोफिएने जाण्यापूर्वी प्रस्तावना लिहून ठेवली होती. कोश छापून आला १९३८ मध्ये. त्यात स्टेक टार्टारची नोंद आहे: कच्चं बीफ, कच्चा बलक. टार्टार सॉस गायब झाला होता, नाव तेवढं मागे राहिलं.